स्फोट शेजारचेच आहेत

२२ एप्रिल, बोलोन्या
मांडीचं हाड मोडलं. मेलेल्या ताऱ्यावर धूमकेतू कसा कोसळतो, ते वर्गाला नीट कळावं म्हणून टेबलावरून उडी मारली. गॅमाकिरणांच्या स्फोटाचं कारण इतक्या स्पष्टपणे आजवर कोणी मांडलं नसेल.
आता पाय कप्पीला टांगलाय, दोरीच्या टोकाला वजन. उठायचं नाही, कूस बदलायची नाही. दीड महिना. झकास! पुस्तक लिहून होईल.

२४ एप्रिल
शेजारच्या खाटेवर ओरेस्ते गेरार्दी. खाटीक. खुबा मोडलाय, तोंड शाबूत. विचारत होता, प्रोफेसर, तुम्ही नेमकं करता काय? सांगितलं. आकाशात रोज कुठेतरी गॅमाकिरणांचा लखलखाट होतो आणि बघता बघता विझतो. तीस वर्षं कुणाला पत्ता नाही की हे येतं कुठून. मला आहे. आपल्याच आकाशगंगेतून. अगदी शेजारून.
तर म्हणतो, शेजारीच आहे ना, मग दार वाजवून विचारा की!
अशा माणसाशी काय बोलणार. पुस्तक उद्यापासून.

२९ एप्रिल
उताणं पडून बॉलपेन चालत नाही, शाई उतरत नाही. म्हणून रोजनिशी पेन्सिलीने. पण इतक्या मोठ्या ग्रंथाला पेन्सिल शोभत नाही. थांबावं लागेल. मिठाईही बंद केली. (लोरेदानाने आणलेला केक अपवाद. बायकोचं मन मोडू नये.)

८ मे
भेटीच्या वेळेत नीवेस धापा टाकत आली. नीवेस ताराबुझी, माझी विद्यार्थिनी, आता माझ्याच गटात. आपल्या उपग्रहाने स्फोट पकडला म्हणाली, आणि या वेळी नेमकी जागाही सापडली! स्फोटामागे उरलेला निखारा अजून धुगधुगतोय, मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्यात.
आणि मी इथे. खिडकीतून दिसतं ते धोबीखान्याचं धुराडं.
डॉक्टरांना म्हटलं, मला सोडा, विश्वाचा प्रश्न आहे. ते म्हणाले, विश्वाची मांडी मोडलेली नाही.
फोन व्हरांड्याच्या टोकाला. लोरेदानाला पिटाळलं. ती बऱ्याच वेळाने आली. निरोप काय, तर अंतर मोजतायत आणि नीवेसच्या आईला पडसं झालंय.

११ मे
नीवेस. डोळे सुजलेले, पण चेहरा लग्नघरातला. त्या निखाऱ्याच्या उजेडाचा वर्णपट मिळाला. त्यातल्या रेघा तांबड्याकडे सरकल्यात, म्हणजे उजेड अब्जावधी प्रकाशवर्षं चालून आलाय. विश्वाच्या पार पलीकडच्या टोकाहून.
मी शांतपणे समजावलं. तो निखारा वेगळा, स्फोट वेगळा. दोघं एका रेषेत आले, योगायोग. ती म्हणाली, सर, तो रोज मंद होतोय, दुसरं काय असणार? म्हटलं, योगायोगही मंद होतात.
मग तिने शोधनिबंधाचा मसुदा काढला. त्यात माझं नाव. उपग्रहावरच्या कॅमेऱ्यासाठी तुम्हीच मंत्रालयाचे उंबरे झिजवलेत सर, तुमचा हक्क आहे, म्हणाली. मी म्हटलं, चुकीच्या कागदावर माझं नाव नको, खोड. तर म्हणे, माझ्या हाताने नाही खोडणार, आज संध्याकाळी पाठवायचाय, हट्ट सोडा.
मीच खोडलं.
ती गेल्यावर लोरेदाना पायाकडे बघत म्हणाली, उबाल्डो, हा सुटेल महिन्याभरात. तू कसा सुटणार?
बायकांना खगोलशास्त्र कळत नाही.

१३ मे
मन हलकं. आठवड्याभरात चूक कबूल करतील. खंडन लिहायला घेतलं. पहिलं वाक्य फार सुंदर झालं. दुसरं सुचत नाही.

२० मे
वॉर्डातल्या टीव्हीवर नीवेस. ओरेस्तेने आवाज वाढवला. मला पाठ फिरवता येत नाही, त्यामुळे सगळं पाहिलं. सोपं सांगत होती. सगळ्यांना समजलं. नर्ससुद्धा ट्रे धरून उभी.
ओरेस्ते म्हणाला, काय प्रोफेसर, पोरगी आपलीच ना? मग तोंड का पाडलंय? मिठाई वाटण्याजोगा दिवस आहे.
म्हटलं, पाय ठणकतोय.
नंतर हळूच म्हणाला, मी पोराला सुरी धरायला शिकवली. आता गिऱ्हाइकं त्याच्याच हातचं मागतात. पहिलं वर्ष जड जातं.
मी झोपेचं सोंग घेतलं. खंडनाचा कागद उशीखाली आहे. पाय ठणकत नव्हता.

९ जून
वजन काढलं. कुबड्या. मनाशी ठरवलं, मोठेपणा दाखवायचा. भिंत धरत धरत फोन गाठला. नीवेसला म्हटलं, पुरावा आणखी तपासला, तत्त्वतः हरकत नाही, नाव परत घाल.
ती म्हणाली, सर, निबंध छापून आला हो.
म्हटलं, बरं. अभिनंदन. (राहिलं होतं.)
मग तीच म्हणाली, सप्टेंबरच्या परिषदेत बोलाल का? टिकू न शकलेल्या सिद्धांतांवर एक सत्र ठेवलंय, दहा मिनिटं तुम्हाला. मनापासून बोलावते.
व्हरांड्यात खुर्ची नव्हती. कुबड्यांवरच उभा राहिलो. विचारलं, वीस मिनिटं मिळतील?
म्हणाली, नाही मिळणार सर. तसले सिद्धांत शंभरावर आहेत.