रेघ आणि रिकामी चौकट

बाई, आज भाचीने तुमच्या ट्रंकेतली कार्डं बाहेर काढली आणि असा प्रश्न विचारला की माझ्या हातातला चहा तसाच राहिला. तुम्ही म्हणायचात ना, भाषांतर करणारं यंत्र, तसल्याच कामासाठी ती हे सगळं संगणकात घालते आहे. "आत्या, काही चौकटी रिकाम्या आहेत आणि काहींत नुसती रेघ आहे. दोन्ही एकच धरू का?" नको, असं मी इतक्या जोरात म्हटलं की ती दचकली.

लोणावळ्याच्या तुमच्या स्वयंपाकघरात, शेगडीजवळच्या टेबलावर आपण ती कार्डं लिहायचो. शाळेतून निवृत्त झाल्यावर पुण्याच्या एका संस्थेचं, त्या यंत्रासाठी शब्द जमवायचं काम तुम्ही घेतलंत आणि अक्षर बरं म्हणून नुकत्याच मॅट्रिक झालेल्या मला हाताशी धरलंत. एका कार्डावर एकच शब्द. डाव्या कोपऱ्यात मूळ शब्द, खाली आखलेल्या चौकटींत ठरल्या क्रमाने त्याची रूपं, उजव्या कोपऱ्यात ज्याला विचारलं त्याचं गाव. मला ही कागदाची उधळपट्टी वाटायची. पहिल्याच आठवड्यात मी 'खाचर' आणि 'बांध' एकाच कार्डावर दाटीवाटीने बसवले आणि मोठ्या ऐटीत तुम्हाला दाखवले. तुम्ही ते कार्ड उभं फाडलंत. "माणूस सांभाळून घेतो गं. यंत्र नाही घेत. त्याला जिथे बघायला सांगितलंय तिथेच ते बघणार." मग दूध उतरवता उतरवता शेवटचा नियम सांगितलात. चौकट रिकामी, म्हणजे अजून विचारलेलं नाही. रेघ, म्हणजे विचारलं, पण असं कुणी म्हणत नाही. "न विचारता रेघ ओढलीस तर ते खोटं बोलणं झालं. आणि ते कुणाला कळणारही नाही."

माझं गाव आंदर मावळातलं, म्हणून तिकडचे शब्द माझ्या वाट्याला आले. आमच्या भातलावणीला ठाकरवाडीतली एक मावशी यायची. मधाचे, कंदांचे, गवताचे शब्द तिच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. पहिल्या खेपेला निम्मीच कार्डं झाली. ती म्हणाली, "आता गुरं आनायची हायेत. पुन्यांदा ये पोरी, बसून समदं सांगते."

सोमवारी कार्डांचा खोका पुण्याला पोचवायचा होता. शनिवारी मी मावशीकडे निघाले, कान्ह्याला उतरले आणि स्टेशनाबाहेरच शाळेतली मैत्रीण भेटली. तिचं नुकतंच लग्न झालेलं. तिच्याकडे जेवले, नव्या साड्या पाहिल्या, गप्पांत ऊन कलंडलं. पुढे दोन तासांची चढण. मी तिच्याच ओसरीवर बसून राहिलेल्या चौकटींत पट्टी धरून रेघा ओढल्या. सुबक आल्या होत्या.

"मावशीला विचारलंस?" संध्याकाळी तुम्ही विचारता. मी हो म्हणते. तुम्ही माझ्या झिजलेल्या चपलांकडे बघता आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून कॅनव्हासचे बूट आणता. "एवढी चालतेस, पाय सांभाळ." बाई, त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असतीत तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी तेच बूट घालून मी वाडी गाठली. मावशी तापाने वारली होती. तिची लेक दारात बसली होती. "आई लय वाट बघत व्हती तुमची. म्हनायची, लिवनारी बाय अजून कशी आली न्हाई."

तुम्हाला मी यातलं काहीच सांगितलं नाही. त्या बुटांचे तळवे झिजेपर्यंत वाड्या चढले, पुन्हा एकही रेघ न विचारता ओढली नाही, आणि तुम्ही चारचौघांत माझं कौतुक करत राहिलात. पुढे संस्थेचं काम थांबलं, कार्डं तुमच्या ट्रंकेत परत आली, आणि मग तुम्हीही गेलात.

आज भाचीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे ना आत्या, आता कुणाला कळणार आहे?" तुम्हीही हेच म्हणाला होतात, पण बजावून. मी मावशीची कार्डं वेगळी काढली, नवी आखली आणि भाचीला घेऊन तशीच वाडीवर गेले. आता तिथवर जीप जाते. मावशीची लेक स्वतःच म्हातारी झाली आहे. आठवलं तेवढं तिने सांगितलं, बाकीच्याला मान हलवली. "ह्ये आईलाच ठावं."

परतताना भाचीने विचारलं, उरलेल्या चौकटींत आता रेघ ना? नाही म्हटलं. त्या मावशीच्या आहेत, आणि मावशीला मी अजून विचारलेलं नाही. त्या रिकाम्याच जातील.

हे पत्र त्या कार्डांच्या मागेच ठेवते आहे. एक मात्र दुरुस्त करायचं आहे. गप्पांत ऊन कलंडलं असं वर लिहिलंय, ते खरं नाही. दुपारचा एक वाजला होता. वाट पायाखालची होती, रात्री राहायला माझं घरही होतं. मला कंटाळा आला होता, बाई.