जिपारच्या उंचीचा दोरा

फ्रुंझे, २ ऑगस्ट १९७४

ती. सासूबाईंना बुबूसाराचा वाकून सलाम, वि. वि.

इकडे शहरात मी आणि तुमचा लेक ठीक आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? सागीनने उंटाच्या लोकरीचे पट्टे पाठवलेत, ते रोज बांधा.

मनातलं लिहिते, रागावू नका. जिपार चाळीस दिवसांची होती तेव्हा पहिलं मूल म्हणून रीतीप्रमाणे मी तिला तुमच्या ओटीत घातलं. आता तिला सातवं लागलं. सप्टेंबरात शाळा उघडतील. तिला इथे पाठवा ना. शाळेचा तपकिरी फ्रॉक शिवायला घेतलाय, पण माप नाही. तिच्या उंचीएवढा एक दोरा कापून पाठवाल? आईला मुलीची उंची ठाऊक नाही, हे लिहितानाही लाज वाटते.

लोभ आहेच, तो जिपारच्या आईवरही असू द्या.
बुबूसारा

आत-बाशी, ११ ऑगस्ट

चि. सौ. बुबूसारा हीस अ. उ. आ.

पट्टे पोचले. पाठवा ना म्हणे! मी काय तुझ्या हातून पोर ओढून नेली? तूच दिलीस. थोरलं मूल आजी-आजोबांचं, ही रीत मी काढलेली नाही. माझा थोरला ओरोझबायसुद्धा माझ्या सासूबाईंनी नेला. त्यांना आई आणि मला वहिनी म्हणतच मोठा झाला. मी मेले का?

इथे तिला काय कमी आहे? साय खाते, माझ्या पाठीला चिकटून झोपते. मला आई म्हणते आणि तुला वहिनी. दोन आया असल्या की पोर बावचळतं, म्हणून तिच्या भल्यासाठीच तसं शिकवलं. तू धाडलेला कोट बाजारातून आणला असं सांगितलं, तेही त्याचसाठी. नाहीतर पुन्हा तुझी वाट बघत बसच्या थांब्यावर जाऊन बसायची. शिवाय तुम्हा शहरातल्या, बिनदुधाचा चहा पिणाऱ्यांच्या घरी माझी पोर यायची नाही.

सागीनला आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.
उमसुनाई

फ्रुंझे, २० ऑगस्ट

ती. सासूबाईंना सलाम, वि. वि.

पत्र वाचून सागीन उठून बाहेर गेला. परत आल्यावर म्हणाला, ओरोझबाय भाऊजींनी सैन्यातून पाठवलेलं पत्र तुम्ही पेटीच्या तळाशी जपलंय, आणि 'वहिनीस' हा शब्द अंगठ्याने झाकून ते वाचता. त्याने लहानपणी पाहिलंय.

जिपार थांब्यावर जाऊन बसायची, हे मला कुणी कळवलंच नाही. मी उन्हाळ्यात तिकडे येते तेव्हा तुमच्यासमोर तिला जवळ घ्यायचीही चोरी. तिचं चाळीस दिवसांचं वजन अजून माझ्या हातांना आठवतं. सासूबाई, तुम्हाला जिथे दुखलं, तिथेच मला का दुखवता?

बुबूसारा

आत-बाशी, २८ ऑगस्ट

चि. सौ. बुबूसारा हीस अ. उ. आ.

सागीनची जीभ फार वळवळते. म्हातारीचा हात, अंगठा कुठेही पडतो.

दोरा सोबत आहे. पोर सरळ उभी राहीना, दाराला टेकवून मापली. तिला पाठवायचं मात्र बोलू नकोस, माझ्याने होणार नाही. फ्रॉक धाड, इथल्या शाळेत घालेल. या खेपेला बाजाराचं नाव घेतलं नाही. वहिनी शिवतेय, असंच सांगितलं.

तर मला विचारते, वहिनीला तर मुलगी नाही, मग एवढासा फ्रॉक शिवायला ती कुणासाठी शिकली? मी नुसती चहा ओतत बसले. काय सांगायचं ते तूच कळव. ओरोझबायने मला असलं कधी विचारलंच नाही.

रागाव हवं तर, पण पत्र थांबवू नकोस.
उमसुनाई