टोक्याला राहिलेलं दर्शन

बाई, परवा आईला घेऊन टोक्याला जाऊन आले. प्रवरा जिथे गोदावरीला मिळते तिथलं ते जुनं दगडी देऊळ. चौथीत असताना तुम्ही आमची सहल नेली होती, तेच. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तरी गाडी नेवाशाच्या पुढे गेली आणि मी वर्गात बसल्यासारखी ताठ बसले.

सहलीच्या दिवशी आम्ही बेलापूरहून टेम्पोतून आलो होतो. देवळाच्या दारात चपलांचा ढीग पडतो, सर पोरांची रांग लावून आत नेतात आणि तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणता, "तू थांब माझ्याबरोबर." रांगेतली एक मुलगी शेजारणीला सांगते, "ती येशूची हाय ना, म्हनून." वर्गात चर्चला जाणारी मी एकटीच. मला वाटलं, माझ्यानं देऊळ बाटेल म्हणून तुम्ही मला अडवलंत. डोळे भरून आले. तुम्ही समजूत घातली नाहीत. पदर खोचून हत्ती कोरलेल्या भिंतीपाशी बसलात आणि म्हणालात, "वही काढ. हा हत्ती काढ." मी आपला कॅलेंडरवरचा हत्ती काढला. "हा कुठला? समोर बघ ना! सोंड कुठे वळलीय त्याची?" आवाज चांगलाच चढला होता तुमचा. मग मी पहिल्यांदा नीट बघितलं. एक दात तुटलेला, कानाच्या घडीत माती साचलेली. खोडलं, काढलं, पुन्हा खोडलं. आतून घंटा ऐकू येत होत्या. रडू कधी थांबलं ते कळलंच नाही. आज मी सावेडीत मुलांना चित्रकला शिकवते, आणि रागावते तेव्हा माझ्या तोंडून तुमचंच "समोर बघ ना" निघतं. तरी आत कुठेतरी ते अडवणं सलत राहिलं होतं.

परवा घाटाच्या वरच्या पायरीवर आईला टेकवलं. नदीला पाणी भरपूर होतं. मी सहज म्हणाले, "इथंच बाईंनी मला बाहेर ठेवलं होतं."

"बाईंनी न्हाई, मी," आई म्हणाली. "सहलीच्या आधी बाई घरी आल्त्या. म्हनल्या, लेकीला देवळात न्यायचं का न्हाई ते तुमी सांगा. मी म्हनले, आत नका नेऊ, आमच्यात चालत न्हाई. पन सहलीला मातर न्या."

आई नदीकडे तोंड करून सांगत होती, "त्यांच्या वडलांच्या अस्थी इथंच सोडल्या हुत्या. तवापासनं दर्शनाला यायचं हुतं त्यांना. मी म्हनले, पोरीपाशी दुसरं कुनी ठेवा, तुमी जा आत. तर हसल्या. म्हनल्या, ती बाहेर बसल्यावर मला आत काय सुचनार? देव काय पळून चाललाय व्हय!"

बाई, त्याच वर्षी तुमची बदली झाली आणि पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेल्याचं कळलं. म्हणजे ते दर्शन राहिलंच असणार. आणि मनाई आईची आहे हे तुम्ही मला एका शब्दानं सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर मी घरी जाऊन आईशी भांडले असते. आईवरचा माझा राग तुम्ही मुकाट्यानं स्वतःवर घेतलात. एवढं कोण करतं दुसऱ्याच्या लेकरासाठी?

"जा तू आत," आई म्हणाली. "त्यांचं राहिलंय."

"तुला चालेल?"

"आता मला कोन इचारायला येतंय? जा."

गेले. गाभाऱ्यासमोर उभी राहिले तर हात कसे जोडायचे तेच सुचेना. शेवटी प्रार्थनेत गुंफते तशी बोटं गुंफली. माझ्यासाठी काही मागितलं नाही. म्हटलं, बाई आल्यात, त्यांच्या वडिलांची आठवण घेऊन आल्यात. बाहेर आले तर आईनं विचारलं, "झालं का बाईंचं?" मी म्हटलं, "झालं."

हे पत्र कुठे पाठवणार? लिहून झालं की कपाटात राहील. पण तुमच्यापाशी एक सांगून टाकते. निघताना पुजाऱ्यांनी पळीनं तीर्थ पुढे केलं. क्षणभर थांबले. मग ओंजळ पुढे केली आणि प्याले. आईला अजून सांगितलेलं नाही.