तीन काळी बटणं

सोन्या,

तुझा फोन लागत नाही म्हणून लिहून ठेवते. घाबरू नकोस, बाळ सुखरूप आहे. ठोके मी माझ्या कानांनी ऐकले. पोटातलं पाणी जरा कमी झालंय, म्हणून सूनबाईला उद्यापर्यंत दवाखान्यात ठेवलंय. मी तिचे कपडे न्यायला आले होते.

आता पुढचं मीच सांगून मोकळी होते. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून ती बाळाच्या हालचाली मोजते, दर लाथेला वाटीत एक पांढरं बटण. दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर लगेच या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. आज सातच पडली. ती तोंड धुवायला उठली, तेवढ्यात मी शिवणाच्या डब्यातली तीन वाटीत टाकली. म्हटलं, झोपलं असेल, उगाच तिच्या जिवाला घोर नको. मागच्या खेपेलाही मी 'झोपलं असेल' म्हणाले होते. ते तुम्ही दोघांनी कधी काढलं नाहीत, पण मी विसरलेले नाही.

डोळ्यांवर चष्मा नव्हता, तिन्ही काळी निघाली. तिने ती उचलून माझ्या हातावर ठेवली आणि चपला घातल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आलात. उद्यावर ढकललं असतं तर काही सांगता आलं नसतं."

पोटाला यंत्राचा पट्टा बांधला आणि त्या गुलामाने अशी लाथ हाणली की पट्टाच हलला. सूनबाईने माझ्यापुढे हात केला. म्हणाली, "आई, द्या आता एक काळं."

जेवण झाकून ठेवलंय, खाऊनच ये. उरलेली दोन घेऊन मी पुढे जाते.

आई