जावयाची पाठवणी

भाऊजी,

पत्राच्या सुरुवातीला ‘प्रिय’ लिहायची पद्धत आहे. आज मी ती पाळत नाही. उद्या पाळेन असंही वाटत नाही.

लिहायला बसलो याचं कारण ताई. आज तिचा फोन आला. “उद्याच्या पेपरात ह्यायच्यावर तूच लिही. तुह्या हातचं पाहिजे,” म्हणाली. मग फोन ठेवता ठेवता, “हसतमुख होते, असं नक्की लिहिजो.”

पेपरच्या खामगावच्या कचेरीत बसून मी आजवर या जिल्ह्यातल्या कितीतरी माणसांचे मृत्युलेख लिहिले. मुख्याध्यापक, जिनिंगवाले शेठ, बाजार समितीचे सभापती. शब्द ठरलेले असतात आणि पान छपाईला सोडायची घाई असते. हातातला चहा निवायच्या आत मजकूर तयार होतो. तुमचा मात्र पहिल्या ओळीच्या पुढे सरकेना. पेपरला तो द्यायचा आहेच. त्याआधी जे छापता येत नाही ते तुम्हालाच लिहून टाकतो. तुमच्या आयुष्यात तुम्ही माझं काही वाचलं नाहीत, तेव्हा आता वाचाल अशी आशा नाही. पण लिहिल्याशिवाय मला ते तीन ओळींचं काम जमणार नाही.

धंदा तुम्हाला चांगला जमत होता, हे आधी सांगून टाकतो. खामगावातून बस भरायची, मलकापूरला उरलेली मंडळी घ्यायची आणि जळगाव-धुळ्याच्या रस्त्यानं नाशिककडे न्यायची. सप्तशृंगीचा गड, त्र्यंबकचे डोंगर आणि मधे द्राक्षाचे मळे. ‘गड आणि द्राक्षमळे’ असं बसच्या काचेवर लिहिलेलं. आचारी संगं, शेगड्या संगं, आपल्याकडचं तिखट संगं. म्हाताऱ्या बायांना तुम्ही पायऱ्यांवर हात दिलात, कोणाला बस लागली तर स्वतः पिशवी धरलीत. हे खरं आहे. घाटात माइक हातात घेऊन तुम्ही प्रत्येक डोंगराला एक राणी आणि एक शाप चिकटवत होता, त्यातलं एकही अक्षर खरं नव्हतं, आणि लोक दुसऱ्या वर्षी तेच ऐकायला पुन्हा पैसे भरत होते. त्याबद्दलही माझं काही म्हणणं नाही.

माझं म्हणणं माझ्या आईबद्दल आहे.

आईच्या गळ्यात लग्नाच्या आधीपासून तुळशीची माळ होती. कांदा-लसूण न खाण्याचे दिवस, उपास, सगळं ती त्या माळेच्या हिशेबानं सांभाळायची. दुसऱ्याच्या भांड्याला तोंड लावायची नाही. तुमच्या बसमध्ये ती एकदाच आली. “जवाई एवढं बोलावून राह्यले, नाही कसं म्हणू?” म्हणून आली. तुम्ही तिला पुढची खिडकी दिलीत. गडावरून उतरताना तिनं फोन करून मला सांगितलं होतं, “देवी पाहून झाली रे. आता डोळे मिटले तरी चालते.”

दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांना त्या वाईनच्या कारखान्यात नेलंत. मोठाल्या टाक्या दाखवल्या आणि शेवटी चवीपुरती ग्लासात ओतून दिली. आईनं विचारलं, “काय हाय हे?” तुम्ही म्हणालात, “द्राक्षाचा रस हाय मामी, मळ्यातला. गडावरच्या देवीले हाच दाखवतात.”

आई ग्लासाला तोंड लावणार नव्हती. गडावरून आलेली बाई, देवीचं नाव घेतलेलं. तिनं डावा हात खाली धरला, त्यावर उजवा ठेवून ओंजळ केली आणि पुढे केली. देवळात करते तशी. त्या जागी कोणताही माणूस थांबला असता. तुम्ही थांबला नाहीत. पुजाऱ्यासारखा चेहरा केलात, ओठातल्या ओठात मंत्र पुटपुटलात आणि ग्लासातली वाईन तिच्या तळहातावर सोडलीत. तिनं ती प्यायली. ओला हात डोळ्यांना लावला, केसांवरून फिरवला. आणि कोणीतरी हे सगळं फोनवर घेतलं, कारण तुम्हीच डोळ्यानं खुणावलं होतं.

एवढ्यावर थांबला असता तरी एखादवेळी विसरलो असतो. परतीच्या वाटेवर तुम्ही तोच व्हिडिओ बसमधल्या टीव्हीवर लावलात. अख्खी बस हसली. आईनं शेजारच्या बाईला विचारलं, “काऊन हासून राह्यल्या वं?” त्या बाईनं सांगितलं, “काकू, वाईन होती ना ते.”

तेव्हा तुम्ही काय करत होता, ठाऊक आहे? माइकवर पुढच्या घाटाची माहिती सांगत होता. आणि तुमच्या मागच्या सीटवर माझ्या आईनं गळ्यातली माळ काढून पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

घरी आल्यावर ती माळ देवाजवळच्या डबीत गेली. आईचा मोकळा गळा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. माळेनं पडलेला एक फिका पट्टा होता गळ्यावर.

ज्या बुवांनी माळ घातली होती त्यांना मी घरी बोलावलं. ते म्हणाले, नकळत घडलं त्याचा दोष नाही, घाला परत. आई म्हणाली, “तुमचं बरोबर हाय बुवा. पण ज्यानं पाजलं त्यानं एकदा माह्यासमोर म्हणावं, मामी, माहं चुकलं. मंग घालतो.”

बस, एवढंच. याच्यापेक्षा स्वस्त माफी कुठे मिळते, भाऊजी?

आई स्वतः तुम्हाला काही म्हणणार नव्हती. जावयाला कोण म्हणतं? म्हणून मी आलो होतो तुमच्या हापिसात. तुम्ही पाय टेबलावर टाकून तिकिटं फाडत होता. मी सांगितलं ते सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “अबे पत्रकार, गंमत होती ते. तू तं बातमीच करून राह्यला. म्हातारी बी हासली ना!” मग मला चहा पाजलात. तुमच्या हापिसातला चहा चांगला असायचा, हेही लिहून ठेवतो.

त्यानंतर तुम्ही दर दिवाळीला आलात. पाटावर बसलात. आईनं तुम्हाला ओवाळलं, कपडे केले, अधिक महिन्यात अनारसे आणि चांदीचा दिवा दिला. वाकून वाढताना तिचा मोकळा गळा तुमच्या ताटाच्या वर यायचा. एकदाही दिसला नाही? की दिसला आणि दुसरा अनारसा घेतलात? आणि दर हंगामात ट्रिपची जाहिरात निघायची तेव्हा तोच व्हिडिओ गावभर फिरायचा. खाली लिहिलेलं असायचं, ‘आमच्या मामीही म्हणतात, एकदा तरी चला.’ मी तो कधी उघडला नाही. बघण्याची गरज नव्हती, बाजारातले लोक मला आईचा आवाज काढून दाखवत होते.

आईनं वाट पाहिली. मीही पाहिली. आणि गेल्या आठवड्यात तुम्ही झोपेतच गेलात. तुमचं सगळं सोपंच होतं.

अस्थी नाशिकला न्यायच्या ठरल्या. बस तुमचीच, ड्रायव्हर तुमचाच अन्वर. आई म्हणाली, “मी बी येतो.” तुमच्या घरच्या बायांनी तोंडावर हात ठेवले. “जवायाच्या अस्थीसंगं सासू जाते काय कुठं?” तुमची चुलती म्हणाली. आई म्हणाली, “मी जातो,” आणि बसमध्ये जाऊन त्याच पुढच्या खिडकीशी बसली.

प्रवासात एक गोष्ट घडली ती तुम्हाला आवडली असती. चांदवडच्या घाटात अन्वरनं बस हळू केली. पुढे एका वळणावर पुन्हा. पिंपळगावच्या पुढे द्राक्षाचे मांडव सुरू झाले तिथे तर त्यानं गाडी बाजूलाच घेतली. मी पुढे जाऊन विचारलं, काय झालं? तो कावराबावरा झाला. “काही नाही साहेब. इथं भाऊ बोलायचे. पाय आपोआप ब्रेकवर जाते.” माइक हुकाला लटकलेला होता. तुमच्या चुलतीनं डोळ्यांना पदर लावला.

मला रडू आलं नाही. मी आईकडे पाहत होतो. ती खिडकीतून द्राक्षाच्या मांडवांकडे पाहत होती, तोंडावर काही दिसत नव्हतं. “चाल बाबा अन्वर,” ती म्हणाली. “त्याचं बोलणं झालं.”

रामकुंडावर गुरुजींनी जे सांगितलं ते तुमच्या भावानं केलं. कलश पाण्यात उलटा करणार एवढ्यात आई पुढे झाली. “थांब रे,” म्हणाली. पदराची गाठ सोडली. त्यात ती माळ होती. घरून निघतानाच डबीतून काढून बांधून आणली होती, मला पत्ता नव्हता. तिनं ती कलशात टाकली.

गुरुजींनी विचारलं, “हे काय, आई?”

“जवाई हाय माहा,” आई म्हणाली. “माह्या घरून त्याले रिकाम्या हातानं कधी लावून नाही देल्लं. आता काऊन देऊ?”

ताई माझ्या शेजारी उभी होती. तिला ती माळ कसली आणि का, हे सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं माहेर आणि सासर दोन्ही सांभाळायचं म्हणून तिनं ते ठाऊक नसल्यासारखं दाखवलं होतं. कलश उलटला तसा तिनं माझा दंड घट्ट धरला. राख गेली, माळही गेली. तुळशीचे मणी थोडा वेळ पाण्यावर तरंगत राहिले, मग पायरीआड दिसेनासे झाले.

परतताना मी आईशेजारी बसलो. विचारलं, “माफ केलंस का त्यांना?”

“माफी मांगितली कुठं त्यानं?” ती म्हणाली. “मांगितलीच नाही तं देऊ कशी?”

“मग माळ?”

“ते माळ त्याची वाट पाहून राह्यली होती. डबीत पडल्या पडल्या. आता तो येत नाही म्हटल्यावर तिले ठेवून काय करू? त्याची होती, त्याले देल्ली. मी बुवाकडून नवी घालतो. नव्या माळेले कोणाची वाट पाहा लागत नाही.”

एवढं बोलून तिनं पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले आणि अन्वरला आधी दिला.

मलकापूर यायच्या आधी ताईनं तुमचा फोन माझ्या हातात दिला. “त्यातून ते काढून टाक. माह्यानं पाहवत नाही,” म्हणाली. नेमका कोणता ते कळायला उघडावा लागला. म्हणून मी तो व्हिडिओ पहिल्यांदा आणि शेवटचा पाहिला.

तुम्ही म्हणाला होता, म्हातारीही हसली. खरंच हसली आहे. डोळ्यांना हात लावून झाल्यावर ती वर पाहते, आजूबाजूला सगळे हसताना दिसतात, आणि तीही हसते. आपल्यावर सगळे खूश झाले असं वाटून हसते. तुमच्याकडे पाहून म्हणते, “कडू लागते जवाईबापू. पण देवाचं हाय ना, चालते.” आणि पुन्हा ओंजळ पुढे करते.

पुन्हा ओंजळ पुढे करते, भाऊजी. आणि तुम्ही पुन्हा ओतता.

हे पाहूनसुद्धा तुम्ही ते दर हंगामात गावभर फिरवलंत? हे पाहूनसुद्धा तिच्या पाटावर बसून जेवलात? तुम्ही दुष्ट माणूस नव्हता, असं ताई म्हणते. असेल. दुष्ट माणसाला निदान आपण काय केलं हे ठाऊक असतं.

मी तो व्हिडिओ पुसून टाकला. ताई खिडकीकडे तोंड करून बसली होती. “गेलं?” तिनं विचारलं. “गेलं,” मी म्हणालो. तिनं फोन बंद करून पिशवीत खाली, कपड्यांच्या घडीत टाकला.

आज सकाळी आई बुवांकडे जाऊन आली. गळ्यात नवी माळ आहे. मणी अजून कोरे आहेत, टोचतात म्हणते. भाकरी थापताना ती मधूनच मानेला हात लावून पाहत होती.

आता तुमच्या मजकुराचं. तीन ओळी होतील. नाव, गाव, खामगावहून नाशिकपर्यंत लोकांना सुखरूप नेत-आणत होते हे, आणि मागे पत्नी आहे हे. यातलं काही खोटं नाही. ‘हसतमुख’ हा शब्द मी घालणार नाही. ताईला वाईट वाटेल, तिला समजावेन. त्या व्हिडिओत हसरं तोंड कोणाचं होतं ते मी पाहिलं आहे, आणि तो शब्द त्या तोंडासाठी राखून ठेवला आहे.

आणि एक वचन देतो. तुमच्या वर्षश्राद्धाला येईन, ताईसाठी. जेवेन, अन्वरशी बोलेन, तुमच्या घाटातल्या राण्यांच्या गोष्टी कोणी काढल्या तर ऐकून घेईन. पण कोणी माझ्याकडे पाहून ‘माणूस चांगला होता’ म्हणालं तर मान हलवणार नाही. तशी मान हलवणं हेच शेवटचं देणं असतं, आणि आम्हा पेपरवाल्यांकडे ते भरपूर असतं, वाटेल त्याला देतो आम्ही.

आईनं तुम्हाला भरल्या हातानं लावून दिलं. तो तिचा स्वभाव. माझ्याकडून मात्र तुम्ही रिकाम्या हातानं गेलात.

तुमचा मेहुणा,
सुधाकर
खामगाव