उरलेली निळी पट्टी

४ नोव्हेंबर, सोमवार

पार्सल आलं. निळ्या दिव्यांची पट्टी, पाच मीटर, गुंडाळी एक — ४२०. बटणं, दोन (जोडीनेच मिळतात) — ६०. फ्यूज आणि त्याची घरं, तीही दोन — ४०. दुहेरी चिकटपट्टी — ५५. एकूण ५७५. आणि हे सगळं कशाला? मोटरसायकलच्या पोटाखाली लावायला!

म्हटलं, "गाडीला कसले दागिने? मला तीस वर्षांत कुणी पितळेची अंगठी आणली नाही." तर चिरंजीव म्हणतात, "आई, उजेड बघूनच लोक बाजूला होतात." लोक बाजूला व्हायला हवेत. माणसं जवळ यावीत असं काही आणायचं सुचत नाही.

गाडी ह्यांची. हे जाऊन तीन वर्षं झाली, पण गल्लीच्या तोंडाशी तिचा आवाज आला की अजून माझा चालता हात थांबतो. पूर्वी आवाजावरून कळायचं, आज कितपत चढली आहे. इंजिन दारात तसंच घुरघुरत राहिलं, तर मुलीला शेजारी पाठवून द्यायची. मुलगा लहान होता, तो पलंगाखाली.

जपाला उशीर झाला. क्षमा कर देवा.

५ नोव्हेंबर, मंगळवार

दूधवाला भांडं उघडता उघडता म्हणाला, "काकू, तुमच्या पोरानं टायरवाल्याच्या भावाच्या हातावर पाना घातला म्हणे. तीन बोटं गेली की हो!" वर विचारतो, "अर्धा लिटर की एक?"

चौकातलं टायरचं दुकान. हवा भरायला नंबर कुणाचा, एवढ्यावरून!

गेल्या बुधवारचा शर्ट आठवला. बाहीला रक्त होतं. विचारलं तर म्हणाला, "पाना निसटला." मी पुढे विचारलं नाही. रक्ताला आधी गार पाणी, मग साबण. गरम घातलं की डाग कायमचा बसतो. हे मला मॅट्रिकला नव्हतं, तरी पाठ आहे.

त्याला आज विचारलं. "त्यानं आधी हात उचलला." बस. पुढे जेवला नीट. दोनदा वाढून घेतलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी मागच्या अंगणात लग्नघर! गाडीची सीट काढलेली, बॅटरी उघडी, वायरींचा गुंता माझ्या कपडे वाळवायच्या दोरीवर लटकवलेला. मला टॉर्च धरायला उभं केलं.

मी अडून बसले, "बॅटरीच्या लाल वायरीला आधी फ्यूज, मगच टॉर्च." शेजारच्या इमारतीत एक गाडी टाकीसकट जळाली होती, ती डोळ्यांनी पाहिलीय. "मॅट्रिक झालीस का इंजिनियर?" म्हणाला, पण लावला. लाल रंगाचा, नखाएवढा. मला दाखवलंही, "हा उपटला की पट्टी विझते. गाडीला काही होत नाही. खूश?" खूश.

वायर दातांनी सोलतो. सांधा जोडला की त्यावर काळी नळी चढवायची आणि ती तापवून आवळायची. काडेपेटी सापडेना, म्हणून देवापुढचा दिवा उचलून आणला अंगणात! मी ओरडले. म्हणाला, "तुझ्या देवाचा आशीर्वाद लागला वायरीला, आता कुठं शॉर्ट होतेय?" हसू आलं. हसायला नको होतं.

मग कडेचं झाकण बसेना. पट्टीची वायर मध्ये येत होती. एकदा ठोकलं, दोनदा ठोकलं, तिसऱ्यांदा स्क्रूड्रायव्हर झाकणातून आरपार! शिवी. मग हातातला पाना भिरकावला. माझ्या कानापासून वीतभरावरून गेला, भिंतीचा टवका उडून मानेवर बसला.

"लागलं नाही ना?"

"नाही."

हे उत्तर इतकी वर्षं दिलं की आता विचारायच्या आधीच तोंडातून निघतं. टॉर्च पुन्हा धरला. उजेड सांध्यावर पडत नव्हता तर म्हणतो, "नीट धर ना!"

तिन्हीसांजेला बटण दाबलं. फरशीवर निळं तळं पसरलं. गाडी जशी पाण्यावर उभी. सुंदर दिसलं. खोटं कशाला लिहू?

अडीच मीटर उरली.

९ नोव्हेंबर, शनिवार

मुलगी आणि जावईबापू आले. चार दिवस राहतील. घर बोलायला लागलं.

जावईबापू औषधांच्या दुकानात हिशेबाला आहेत. सावकाश बोलतात, सावकाश जेवतात, ताट स्वतः उचलून ठेवतात. पहिल्यांदा उचललं तेव्हा मी दचकले होते. ताट उचलणारा पुरुष मी भिंतीवर फेकायलाच उचलताना पाहिलेला.

त्यांची गाडीही काळीच, आमच्यासारखीच, दोन वर्षांनी नवी. मीच विषय काढला. "ती उरलेली पट्टी वाया का घालवायची? बटण आहे, फ्यूज आहे. जावईबापूंच्या गाडीला लावून दे."

"आई, मला कशाला लखलखाट? मी गोळ्या मोजणारा माणूस."

मुलगी म्हणाली, "लावा हो. संध्याकाळी परत येता, ट्रकवाल्याला दिसाल तरी!"

मग लावली. जावईबापूंनी पट्टीची जागा स्पिरिटने तीनदा पुसली, सुकू दिली, मग चिकटवली. वायर सायलेन्सरपासून चार बोटं दूर बांधली. कुठे ठोकाठोक नाही. चिरंजीव बाजूला उभे, "दाजी, गाडीला इंजेक्शन देताय का?" सगळे हसलो.

दोन गाड्या शेजारी शेजारी, दोन्हींखाली निळं. कोणती कुणाची, सांगता येईना. मी म्हटलं, जुळी वासरं!

१० नोव्हेंबर, रविवार

सकाळी टायरवाला दारात. बाकीचे बाजारात गेले होते. चप्पल बाहेर काढून उभा राहिला. आवाज चढवला नाही, त्याचीच भीती वाटली.

"मावशी, तुम्हाला मी कधी उलट बोललो नाही. भाऊ माझा एकोणीस वर्षांचा. उजवा हात. शर्टाचं बटण लावता येत नाही त्याला, मी लावतो."

मी पैशांचं काहीतरी बोलले. त्याने हात जोडले. "पैसे नकोत. तुमच्या पोराला सांगा, तो निळा उजेड चौकात दिसला की फोडणार. नंबर वाचायची गरज नाही."

तो गेल्यावर लक्षात आलं. निळा उजेड एक नाही, दोन आहेत!

चिरंजीव आले तेव्हा आत बोलावून सगळं सांगितलं. "दोन्ही गाड्यांच्या पट्ट्या आत्ताच्या आत्ता काढ." तो जरा वेळ खिडकीतून गाड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं."

मुलीला आणि जावईबापूंना सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलंही होतं. पण लेकीच्या सासरी कळलं तर? भाऊ असला, म्हणतील. घरातलं घरात झाकायचं — दार लागलं, पाय घसरला, कप निसटला. सवय.

संध्याकाळी जपाला बसण्याआधी विचारलं, "काढल्या का?"

"दोन्ही काढल्या, आई. देवाशपथ."

११ नोव्हेंबर, सोमवार

दिवेलागणीला चिरंजीवांची गाडी आत आली. फरशीवर निळं नव्हतं. देवाला हात जोडले, ऐकलं पोरानं.

माझे गुडघे धरलेले. जावईबापू म्हणाले, मलम घेऊन येतो. चिरंजीव म्हणाला, "दाजी, मागचा रस्ता खणलाय. चौकातून जा." मी स्वयंपाकघरात होते, ऐकलं.

जावईबापूंना मारलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दवाखाना. उजवा हात दोन ठिकाणी मोडला. जबडा तारेने बांधलाय. तीन दात रुमालात गुंडाळून नर्सने मुलीच्या हातात दिले, आणि ती ते मुठीत धरून बसलीय, सोडत नाही.

साखळीने मारलं. आधी गाडीवर, मग माणसावर. निळी पट्टी अजून जळत होती म्हणे, गाडी आडवी पडली तरी. त्याच उजेडात मारत होते. "मी तो नाही" असं जावईबापू ओरडत होते, पण हेल्मेटमधून शब्द कळेना. हेल्मेट उपटलं आणि तोंडावर पहिला घाव घातला, मग चेहरा दिसला. टायरवाल्यानेच साखळी टाकली, त्यानेच टेम्पोत घालून दवाखान्यात आणलं, आणि पोलीस येईपर्यंत तिथेच पायरीवर बसून राहिला. माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, मी तुम्हाला सांगून गेलो होतो ना?"

मुलीने ते ऐकलं. "काय सांगून गेला होता, आई? तुला माहीत होतं?"

मी म्हटलं — नाही.

देवा, हे मी कुणाला म्हटलं!

चिरंजीवांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात खुर्ची लाथेने उडवली. "एकेकाला जाळतो! दाजींना हात लावला!" चार जणांनी धरलं. बाजूला घेऊन विचारलं, "पट्टी तू काढली होतीस ना?" डोळ्यांत बघून म्हणाला, "काढली होती. दाजींनीच परत लावून घेतली असणार. त्यांनाच हौस." ज्यांनी "मला कशाला" म्हटलं होतं, त्यांना हौस!

तरी मी होकाराची मान हलवली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मुलगी जावईबापूंना घेऊन गेली, तिकडच्या दवाखान्यात. भाड्याच्या मोटारीत बसताना म्हणाली, "मला फोन करू नकोस." केला. उचलत नाही. जावईबापूंनी मात्र काच खाली करून डावा हात वर केला. बोलता येत नाही, तर डोळ्यांनी माझ्या गुडघ्यांकडे खूण केली. मलमाचं विचारत होते!

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दूधवाल्याला म्हटलं, "मागचा रस्ता खणलाय, तुम्हाला वळसा पडत असेल." तो म्हणाला, "कुठं खणलाय, काकू? मी रोज तिथूनच येतो."

चिरंजीव जेवताना खुशीत. "आता काही भीती नाही, आई. एकदा हाणून घेतलं की त्यांचं समाधान होतं. वर पोलिसांनी त्यांनाच नेलं. सुटलो."

माझं ताट तसंच झाकून ठेवलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

मागच्या रविवारची त्याची विजार दाराच्या मागे लटकलेली, ती धुवायला घेतली. आतल्या छोट्या खिशात खडा लागला. काढून पाहिला. लाल, नखाएवढा.

अंगणात गेले. गुडघे टेकून ह्यांच्या गाडीखाली हात घातला. पट्टी होती. जिथल्या तिथे, घट्ट. फ्यूजचं घर रिकामं. मी त्यात हा बसवला, बटण दाबलं. फरशी निळी झाली. विझवलं. पुन्हा उपटून मुठीत घेतला.

म्हणजे काढलं काहीच नव्हतं. रविवारी माझं ऐकून त्याने आपल्यापुरता फ्यूज उपटला, बटण चुकून दाबलं तरी पेटू नये म्हणून. दाजींचा राहू दिला. आणि सोमवारी त्यांना चौकातून पाठवलं.

तो आला तेव्हा फ्यूज टेबलावर ठेवला. त्याने बघितलं.

"दाजी काय मेले नाहीत."

"तुझ्या ताईचा नवरा तो."

"मग मी जायचं होतं मरायला? तुझ्या पोटचा मी का ते?"

मी फ्यूज उचलला. त्याने मनगट धरलं. ह्यांचीच पकड, अंगठा हाडावर. पिरगाळलं. मी मूठ सोडली नाही. मी डाव्या हाताने त्याच्या तोंडात मारली, जन्मात पहिल्यांदा, आणि त्याने उलट्या हाताने माझ्या. टेबलाच्या कडेवर पडले. ओठ फाटला, वरचा एक दात हलतो.

मग हळूच, लहानपणीच्या आवाजात म्हणाला, "लागलं नाही ना?"

"लागलं," मी म्हटलं.

बाहीला रक्त लागलंय. भिजवलं नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

मुलीला पत्र टाकलं. नक्कल इथे ठेवते.

"आज चौकीत जाऊन आले, तोच झंपर घालून. तुझ्या भावाच्या खिशातला फ्यूज दिला, त्याने जावईबापूंना मुद्दाम चौकातून पाठवलं तेही सांगितलं. टायरवाला सांगून गेला होता आणि मला माहीत होतं, हेही लिहून दिलं, तुझ्याशी खोटं बोलले तेही. सही केली. तुझ्या भावाला दुपारी नेलं. गाडी अंगणात आहे, किल्ली त्यांनी नेली.

माझ्याशी बोलू नकोस, तो तुझा हक्क. जावईबापूंचा जबडा उघडतो का, चमच्याने काही जातं का, एवढंच उलट टपाली कळव."