एका तुळईवरची दोन घड्याळं

यॉर्क, १४ ऑक्टोबर १७३४

एकोणतीस दिवस! माझी दोन्ही घड्याळं दुकानाच्या तुळईला शेजारीशेजारी टांगलीत, आणि एका सेकंदाचाही फरक नाही. शनिवारी रेव्हरंड लॅथबरी निकाल द्यायला येणार. ताऱ्यांच्या वेळा टिपणारा माणूस – अकरा वर्षांच्या नोंदी आता छापायला देतोय. अट त्यांचीच – "टकवेल, खरा काळ आपला आपण एकसारखा वाहतो, कुणाच्या घड्याळासाठी थांबत नाही. दोन घड्याळं महिनाभर जुळली, तरच म्हणायचं ती त्याच्या बरोबर चालताहेत. माझी दोन्ही घड्याळं अकरा वर्षं जुळताहेत!"

जमलं तर विद्वानांत माझं नाव होईल. नाही तर समोरचा घड्याळजी सिल्कस्टोन टपलेलाच आहे – "लोहाराचं पोर ते! ऐरणीवरच ठोके मारावेत त्यानं."

१५ ऑक्टोबर

बायको, डॉर्कस, जेवायला बोलवायला आली, ती बघतच राहिली. "अहो, ही तुमची घड्याळं नवराबायको आहेत की काय? हा डावीकडं गेला की ती उजवीकडं!"

हसलो. मग लंबकांकडं नीट बघितलं. दर ठोक्याला तसंच! इतकं जुळणं बरं नव्हे.

१६ ऑक्टोबर

मुद्दाम एकाचा लंबक धरला, भलत्याच वेळी सोडला. अर्ध्या तासात पुन्हा तीच जोडी! तुळईला बोटं लावली – बारीक थरथर. काळ कसला पाळतात – एकमेकांचंच ऐकतात!

१७ ऑक्टोबर

एक घड्याळ स्वयंपाकघराच्या दगडी भिंतीवर नेलं, पीठ मळायची फळी काढून. डॉर्कस – "आता मी पीठ कुठं मळू? तुमच्या टकलावर?"

१८ ऑक्टोबर

एका दिवसात चार सेकंदांचा फरक. खरं कुठलं? सूर्याला विचारावं तर तोही वर्षभर पुढंमागं करतो! खरा काळ वाहत असेल कुठंतरी – माझ्या दुकानात नाही.

जेवताना पुटपुटलो – पुन्हा तुळईला टांगलं की झालं, कोणाला कळणार?

"तुम्हाला," डॉर्कस म्हणाली. "आणि मग तुमच्या सुस्काऱ्यांनी झोप माझी मोडणार."

१९ ऑक्टोबर, शनिवार

नाही टांगलं. सगळं सांगून टाकलं. रेव्हरंड मोठ्यानं हसले – आणि मधेच थांबले.

मी हळूच विचारलं, "साहेब, आपली दोन घड्याळं कुठं टांगलीत?"

टोपी न काढताच ते स्टुलावर बसले. "एकाच तुळईला," म्हणाले.